देऊळ पाडण्यापूर्वीं तें पाहा

(नाशिक जिल्ह्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत तेथील शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या गांवच्या ओढ्याकांठीं महादेवाचें जुनें देऊळ आहे. त्याचें शिखर पडलें आहे, मंडपाचा एक कोपरा खचला आहे आणि पावसाळ्यांत गाभाऱ्यांत पाणी ठिबकतें. तें पाडून त्या जागीं सिमेंटचें नवें देऊळ बांधावें, चकचकीत फरशी बसवावी, रंगीत कळस चढवावा, असा विचार गांवांत चालू आहे. वर्गणीही जमूं लागली आहे. ज्यांनीं हा विचार मांडला त्यांची भक्ति खरी आहे. त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. घर गळूं लागलें तर तें शाकारावें, मोडलें तर उभें करावें, हा कुणब्याचा धर्मच आहे. परंतु पाडण्याचा ठराव होण्यापूर्वीं तें देऊळ आपण एकदां तरी पाहिलें पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आपण म्हणाल, 'मास्तर, आम्ही तर जन्मापासून तें पाहत आलों.' आम्ही विचारतों, काय पाहिलें? दर सोमवारीं आपण जातों, घंटा वाजवतों, पिंडीवर बेल वाहतों, नारळ फोडतों आणि घरीं येतों. ह्यांत देवाचें दर्शन होतें, देवळाचें होत नाहीं. खांब किती आहेत, छत कशावर तोललें आहे, भिंतींतल्या कोनाड्यांत कोण उभें आहे, हें सांगणारा ह्या सभेंत किती जण हात वर करतील? म्हणून आज तीन गोष्टी सांगतों. हें देऊळ कोणीं बांधलें, तें पाहावें कसें, आणि आतां त्याचें काय करावें.

पहिली गोष्ट, कोणीं बांधलें. गांवांत विचारा. एक म्हणेल, पांडवांनीं एका रात्रींत बांधलें आणि कोंबडा आरवला म्हणून शिखर अर्धें राहिलें. दुसरा म्हणेल, हें हेमाडपंती आहे, हेमाडपंतानें बांधलें. दोन्ही उत्तरांत दगड फोडणाऱ्याचें नांव नाहीं.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्रि. देवगिरीचे यादव राजे महादेव व रामचंद्र ह्यांच्या दरबारांतला तो करणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. व्रतें, दानें, श्राद्धें ह्यांवरील 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ त्याच्या नांवावर आहे. आतां अंबरनाथचें शिवमंदिर घ्या. त्याचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. हेमाद्रि दरबारीं आला त्याच्या दोनशें वर्षें आधींचा! आपल्या सिन्नरचा गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकांतला, तोही आधींचा. अंजनेरीच्या पायथ्याशीं हिंदु व जैन देवळांचा पडका समूह आहे, त्यांतल्या एका जैन देवळांतला लेख शके १०६३ चा. यादव राजाच्या एका प्रधानानें देवळाला कांहीं दुकानांचें उत्पन्न लावून दिल्याचें त्यांत नमूद आहे. तोही आधींचा. हेमाद्रीच्या काळांत देवळें झालीं असतील, त्यानें कांहीं बांधविलींही असतील. परंतु चुन्यावांचून दगडावर दगड बसवून बांधलेलें प्रत्येक देऊळ त्याच्या खात्यांत जमा करणें म्हणजे साऱ्या गांवाचें पीक एकाच्या सातबाऱ्यावर चढविण्यासारखें आहे.

मग खरे बांधणारे कोण? काळ्या पाषाणाला हात लावून पाहा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वर आलेला तापलेला रस थिजून हा दगड झाला. त्याच्यासारखा कठीण दगड थोडा. पाट्याला टाकी लावून घेतांना किती ठोके पडतात आणि केवढी चिमूटभर भुकटी निघते, हें आमच्या आयाबहिणींना ठाऊक आहे. त्याच दगडांत पाथरवटानें हाराचा एकेक मणी मोकळा कोरला. त्याच्या छिन्नीची धार दिवसांतून अनेकदां जात असेल. म्हणजे शेजारीं लोहाराचा भाता सतत पेटलेला असला पाहिजे. खाणींतून दगड ओढायला बैल लागले, दोरखंड लागले. दोर वळणारा लागला. वर चढवायला परांची लागली. ती बांधणारा सुतार लागला. मोटेचें, पखालीचें कातडें कमावणारा लागला. आणि इतक्या माणसांना वर्षानुवर्षें भाकरी पुरविणारा कुणबी तर लागलाच लागला. राजानें पैका दिला हें खरें. पण तोही शेतसाऱ्यांतून आला. तेव्हां हें देऊळ कोणाचें, ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें मनाशीं करावा.

नांवें कोरण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच, असें मात्र कोणी समजूं नये. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत जा. तीं लेणीं पांडवांचीं नव्हेत. बौद्ध भिक्षूंसाठीं डोंगरांत खोदलेलीं आहेत आणि संख्येनें चोवीस आहेत. तेथें राजांचे लेख आहेत, तसा मुगुदास नांवाच्या मासेमारी करणाऱ्या माणसाचाही लेख आहे. आपण कुटुंबासह हें लेणें दान केलें, असें तो दगडांत सांगतो. दहाव्या लेण्यांतला उषवदाताचा लेख तर आमच्या कोष्टी-साळी बांधवांनीं मुद्दाम समजून घ्यावा. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जांवई. त्यानें भिक्षूंसाठीं ३००० कार्षापण ठेवले, ते कोठें? विणकरांच्या दोन श्रेणींकडे! २००० एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या रकमेचें व्याज महिन्याला वीस, वर्षाला २४० झालें. आणि लेखांत म्हटलें आहे कीं चातुर्मासांत राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे. वीस बारें २४०. हिशेब चोख जुळतो. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं राजाचा जांवई कायमची ठेव विणणाऱ्यांच्या हातीं विश्वासानें देत होता. ह्याच डोंगरांतल्या नंतरच्या एका लेखांत पाण्याचीं यंत्रें करणारे आणि तेली ह्यांच्या श्रेणींकडेही औषधपाण्याची ठेव ठेवल्याचें लिहिलें आहे.

आणखी एक पाहा. कर्नाटकांत होयसळ राजांच्या काळीं, बाराव्या-तेराव्या शतकांत, जीं देवळें उठलीं तेथें मूर्तींच्या पायथ्याशीं कारागिरांनीं आपलीं नांवें कोरलीं आहेत. बेलूरच्या देवळांत दासोजाचें नांव आहे, सोमनाथपूरला मल्लितम्माचें आहे. म्हणजे मूर्तिकाराला नांव असतें, आणि तें दगडावर राहूंही शकतें. आमच्याकडच्या पाथरवटाचें नांव राहिलें नाहीं, हात मात्र राहिला. तो हात ओळखणें हें आपल्यासारख्या हातानें पोट भरणाऱ्यांचें काम आहे. पंडित मूर्तीचें नांव सांगेल. पण ही खाच कशी घेतली असेल, हें गवंड्याला अधिक कळेल.

आतां दुसरी गोष्ट, पाहावें कसें. त्यासाठीं उत्तम शाळा आपल्या जिल्ह्यांतच आहे. नाशिकहून पुण्याच्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटरवर सिन्नर, आणि तेथें गोंदेश्वर. तें देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत असल्यामुळें बरेंच शाबूत आहे. सकाळीं लौकर किंवा उन्हें कलल्यावर जावें. भर दुपारीं ऊन डोक्यावरून पडतें आणि कोरीव काम सपाट दिसतें. तिरप्या उन्हांत प्रत्येक रेघेला सावली मिळते.

आधीं दुरून पाहावें. गोंदेश्वर हें एक देऊळ नव्हे, पांच आहेत. एका उंच चौथऱ्यावर मध्यें शंकराचें मोठें देऊळ, चार कोपऱ्यांत विष्णु, गणपति, पार्वती व सूर्य ह्यांचीं चार लहान देवळें. ह्या रचनेला पंचायतन म्हणतात. पुढें नंदीचा स्वतंत्र मंडप, आणि सगळ्याभोवतीं आवाराची भिंत.

मग शिखराकडे पाहावें. चारी बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा खालून वर जातो. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी, वर जातांना आकारानें कमी होत गेलेल्या. मक्याच्या कणसावर दाण्यांच्या ओळी बसतात तशा. ह्या तऱ्हेला भूमिज म्हणतात. भूमि म्हणजे येथें मजला. ही तऱ्हा माळव्यांत फार बहरली. तिकडच्या उदयपूरचें उदयेश्वर मंदिर हा तिचा नामांकित नमुना. अंबरनाथही भूमिज, मालेगांव तालुक्यांतल्या झोडग्याचा माणकेश्वरही भूमिज. माळव्यापासून कोंकणापर्यंत एकच तऱ्हा पसरते, तेव्हां तिच्याबरोबर पाथरवटांच्या टोळ्याही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरल्या असतील, असें मानायला जागा आहे. आजही दगडकाम करणारा असाच फिरतो.

त्यानंतर प्रदक्षिणा घालावी, पण नजर भिंतीवर ठेवून. खालून सुरुवात करावी. तळाशीं एकावर एक आडवे थर दिसतील. त्यांत एकाचें नांव कुंभ, एकाचें कलश. कुंभाराच्या चाकावरचाच आकार आहे. एक थर पुढें झुकलेला असतो, त्याला कपोत म्हणतात. तो शोभेसाठीं आहेच, पण त्याच्या कडेवरून पाणी निथळून भिंतीपासून दूर पडतें. आपल्या घराची पागोळी तेंच करते. पुष्कळ देवळांत तळाशीं हत्तींची रांग असते. एवढा भार वाहायचा तो हत्तींनींच, असा त्यांतला भाव. भिंत सरळ नसून तिला कितीतरी कोन पाडलेले असतात. त्यामुळें ऊन फिरेल तशी सावली फिरते आणि दगडाचा डोंगर हलका दिसतो.

गाभाऱ्याच्या तीन बाजूंना बाहेरून तीन मोठे कोनाडे असतात, ते देवकोष्ठ. त्यांतल्या मूर्ति हातांतल्या वस्तूंवरून ओळखाव्या. शंख, चक्र, गदा, पद्म असेल तर विष्णु. आणि ह्या चार वस्तु कोणत्या हातांत कोणत्या क्रमानें आहेत, त्यावरून केशव, नारायण, माधव अशीं त्याचीं चोवीस नांवें पडतात. दोन्ही हातांत कमळें घेऊन सरळ उभा तो सूर्य. आरशांत पाहणारी, पायांतला कांटा काढणारी, लेकरूं कडेवर घेतलेली स्त्री दिसेल, ती सुरसुंदरी. बायकांनीं तिच्या अंगावरचे दागिने नीट पाहावे. कमरपट्टा, तोडे, कानांतली कुंडलें, अंबाड्याची बांधणी. आठशें-नऊशें वर्षांपूर्वींच्या सोनाराचें दुकान तेथें मांडलेलें आहे. पूर्वेकडे तोंड असलेल्या देवळाच्या उत्तर बाजूला अभिषेकाचें पाणी बाहेर पडणारा प्रणाल असतो, पुष्कळदां मगरीच्या तोंडाचा.

मग आंत जावें. आंत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावें. खांबाच्या खालीं हात लावा. तो चौकोनी आहे. वर अष्टकोनी होतो, मग गोल होतो. गोल भागावरचीं वळीं इतकीं सारखीं असतात कीं कातारी लाकूड फिरवून लाटणें काढतो त्याची आठवण व्हावी. कांहीं अभ्यासकांच्या मतें असे खांब खरोखरच फिरवून घडवीत. खांबाच्या माथ्यावर चार दिशांना हात वर केलेले बुटके लोक कोरलेले असतात, ते कीचक. त्यांच्या पोटावरचा ताण आणि तोंडावरची मेहनत पाहा. धान्याचें पोतें पाठीवर घेतलेला हमाल ज्यानें रोज पाहिला, त्यालाच असा कीचक कोरतां येईल.

खांब इतके जवळ जवळ कां, असा प्रश्न सुताराला पडेल. उत्तर त्याच्याच धंद्यांत आहे. लाकडाची तुळई वांक सोसते, दगड दाब सोसतो पण वांक सोसत नाहीं; लांब दगडी तुळई मधोमध मोडते. म्हणून खांब जवळ घेतले, आणि खांबाच्या डोक्यावर हस्त काढून मधलें अंतर आणखी कमी केलें. आतां छताकडे मान वर करा. चार तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्यांत चार तिरपे दगड टाकले, कीं आंत लहान चौकोन राहतो. त्यावर पुन्हा चार तिरपे, कीं आणखी लहान. शेवटीं एक दगड घातला कीं छत मिटलें. मोठ्या मंडपांत गोल थर एकावर एक, प्रत्येक वरचा थर थोडा आंत घेतलेला, जशी आपण कडब्याची गंज वर आंत आंत घेत मिटवतों. चुना नाहीं, एका दगडाची खुंटी दुसऱ्याच्या खांचेंत आणि बाकी सारें वजनावर. कोठें अर्धवट कोरलेलें फूल दिसलें तर तेथें अवश्य थांबा. दगड आधीं चढवून मग जागेवर नक्षी पुरी करण्याची रीत होती. तें फूल राहून गेलें. तेथें छिन्नीचा दर ठोका मोजतां येतो.

हें पाहून झाल्यावर नाशकांत गोदेकांठीं नारोशंकराचें देऊळ पाहावें. तें १७४७ सालचें. जवळचें सुंदरनारायण १७५६ चें. तेथें कमानी व घुमट दिसतील. कमान आणि चुन्याचा घुमट बांधण्याची विद्या मधल्या काळांत मुसलमानी अंमलाखालच्या गवंड्यांकडून आपल्याकडे रुळली आणि मराठ्यांच्या देवळांनीं ती खुशाल उचलली. कारागिराला चांगली युक्ति कोणाची हें विचारायचें नसतें. तेव्हां ही खूण लक्षांत ठेवा. नुसते खांब, तुळया आणि आंत घेतलेले थर असतील तर देऊळ बहुधा यादवकाळचें किंवा आधींचें. कमानी आणि घुमट असतील तर नंतरचें.

पाहण्याचा हा हक्क आज आपणां सर्वांस आहे, पण तो फुकट मिळालेला नाहीं. पंचवटींतलें काळारामाचें देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस उभें राहिलें. त्याच्या दारांत २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड ह्यांच्या पुढारपणाखालीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांनीं सत्याग्रह केला. वर्षांमागून वर्षें तो चालला, त्यांत लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला; दार उघडलें नाहीं. पुढें १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. ज्या वाड्यांतून दोर, कातडें आणि हमाली देवळाला पुरविली गेली असेल, त्याच वाड्यांतल्या माणसांनीं छत पाहूं नये, असा हा शेंकडों वर्षांचा न्याय होता. म्हणून आपल्या देवळाविषयीं जो ठराव व्हायचा तो देवळाच्या ओट्यावर चार जणांनीं करूं नये. गांवच्या सर्व वाड्यावस्त्यांना बोलवावें आणि बायांनाही बसवावें.

आतां तिसरी गोष्ट, आपल्या देवळाची. आम्हीं शाळेच्या मुलांना घेऊन तें मोजलें. खांब बारा आहेत, त्यांतले अकरा उभे आहेत. छताचा मधला कोरीव दगड जागेवर आहे. गाभाऱ्याच्या दाराच्या पट्ट्या तैलरंगाच्या थरांखालीं बुजल्या आहेत, पण नखानें खरवडल्यावर खालीं वेल हाताला लागते. शिखराचे दगड कोठें गेले? निम्मे ओढ्यांत आहेत, कांहीं बांधाला लागले, दोन आमच्या शाळेच्या पायरीला आहेत. ते शाळा आधीं परत करील.

आणि एक दगड ओढ्यावर धुणें धुवायला वापरतात. तो उलटा करून पाहिला. तो वीरगळ आहे. खालच्या चौकटींत गाई आहेत, त्यांच्यापुढें ढाल-तलवार घेतलेला माणूस लढतो आहे. मधल्या चौकटींत तोच माणूस आडवा पडला आहे आणि अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटींत तो शंकराच्या पिंडीपुढें हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोंवर ह्याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. गांवाचीं गुरें हांकून नेणाऱ्यांशीं लढतां लढतां जो पडला त्याचा असा दगड गांव उभा करीत असे. ह्यावर नांव नाहीं. पण तो कोणी राजा नव्हता. गोठ्यांतल्या गाईसाठीं मेला तो आपल्यासारखाच कोणी होता. त्याच्या छातीवर आपण रोज कपडे आपटतों आहोंत. देऊळ पाडलें तर असे आणखी किती दगड भरावाखालीं जातील, ह्याचा विचार करा.

कोणी म्हणतील, सरकार पाहून घेईल. सरकारी यादींत जें देऊळ आहे त्याला कायद्याचें संरक्षण आहे. आपलें यादींत नाहीं. त्याचा राखणदार गांवच. राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी नाशकांत आहे. तेथें मोजणीचा कागद आणि छायाचित्रें जोडून अर्ज करावा व जाणत्याला पाहायला बोलवावें, आणि तोंपर्यंत एकही दगड हलवूं नये. दगड हलवायचाच झाला तर आधीं त्यावर खडूनें आंकडा घालावा आणि त्याचें छायाचित्र घ्यावें, म्हणजे तो परत त्याच जागीं बसवितां येईल. छतांतून उगवलेला पिंपळ आज रोप आहे. उद्यां त्याचें मूळ तुळई फोडील. तो जाणत्याच्या सल्ल्यानें वेळींच काढवावा. जुन्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरूं नये. तें पाणी आंत कोंडतें, आणि आंत घातलेली लोखंडी सळई गंजून फुगली कीं दगड तडकतो. तैलरंग लावूं नये. तो ओल कोंडतो आणि नक्षी बुजवितो. खचलेला कोपरा टेकूवर घेऊन पुन्हा बसवितां येतो. आपल्या गवंड्यांना तें जमण्याजोगें आहे. फक्त वर देखरेख जाणत्याची हवी.

नव्या देवळाला आमचा विरोध नाहीं. भाविकांना बसायला मंडप हवा असेल तर शेजारच्या मोकळ्या जागेंत तो बांधावा, त्यावर कळसही चढवावा. जमलेल्या वर्गणींतून निम्मा पैसा दुरुस्तीला लावला तरी जुनें वांचतें. सिमेंटचें देऊळ पैका असेल तेव्हां केव्हांही उभें करतां येतें. पण तो छताचा मधला दगड एकदां खालीं पडून फुटला, तर तसा दुसरा घडवून देणारा ह्या पंचक्रोशींत आम्हांस दिसत नाहीं.

ह्यावर वाद घालायचा तर तो पाहून घालावा. येत्या रविवारीं सकाळीं सहा वाजतां शाळेपुढून सिन्नरला जाण्यासाठीं टेंपो निघेल. भाकरी बांधून घ्यावी, पाण्याची सोय तेथें होईल. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींनीं आधीं नांवें द्यावींत. त्यांच्यासाठीं पुढची जागा राखून ठेवली आहे. गवंडी, सुतार आणि लोहार ह्यांपैकीं प्रत्येकीं एक तरी माणूस बरोबर हवा, कारण तेथें प्रश्न मुलें विचारतील आणि उत्तरें त्यांनाच द्यावीं लागतील. परत आल्यावर संध्याकाळीं आपल्या देवळांत कंदील घेऊन बसूं, आणि पाडायचें कीं राखायचें तें तेथेंच, त्या छताखालीं बसून ठरवूं.